पिंपरी आणि पेनिसिलिनचा स्फटिक

पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपल्याला लोखंड आठवतं. टेल्को, बजाज, पुढे चाकणच्या मोटारी. पण या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाचं पहिलं मोठं पान लोखंडाचं नाही, एका पांढऱ्या पावडरीचं आहे. 1954 साली केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. 1955 मध्ये तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. आज त्या पावडरीकडे औषध म्हणून नव्हे, तर घन पदार्थ म्हणून बघू.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. जिवाणू मारण्याची ताकद त्या कड्यात, आणि दुबळेपणाही तिथेच. पाण्याशी संबंध आला की कडं हळूहळू फुटतं आणि औषध निकामी होतं. सुरुवातीच्या काळात पेनिसिलिन मिळायचं ते पिवळसर, अस्फटिक भुकटीच्या रूपात. ही भुकटी हवेतली ओल शोषून घ्यायची, म्हणून ती थंडीत जपावी लागे.

खडीसाखर आणि जत्रेतले ‘बुढ्ढी के बाल’ आठवून बघा. दोन्ही साखरच. पण खडीसाखरेत रेणू शिस्तीने रांगेत बसलेले असतात, तर त्या गुलाबी कापसात कसेही विखुरलेले. श्रावणातल्या हवेत कापूस बघता बघता बसतो, खडीसाखर डब्यात वर्षभर राहते. पेनिसिलिनचंही तेच. 1943 मध्ये अमेरिकेत त्याच्या सोडियम क्षाराचे स्फटिक मिळाले. हा कोरडा स्फटिक साध्या खोलीच्या तापमानाला टिकतो. अशाच स्फटिकांवर क्ष-किरण टाकून डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये ऑक्सफर्डला ते चार अणूंचं कडं सिद्ध केलं. तोवर त्यावर रसायनशास्त्रज्ञांत वाद होता.

आता कारखान्यात या. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, द्रव गाळायचा, त्यातलं पेनिसिलिन सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचं, आणि शेवटी सोडियम किंवा पोटॅशियम क्षाराच्या रूपात त्याचे स्फटिक पाडायचे. बुरशीचं कौतुक सगळे करतात. पण औषध दूरवर पोचायचं तर ही शेवटची पायरी नीट जमायला हवी. ज्या देशात बहुतेक गावांत वीजच नव्हती, तिथे बर्फाच्या पेटीशिवाय जाणारी कुपी आणि पेटी लागणारी कुपी यांत रोगी वाचण्या-न वाचण्याचा फरक होता. पाणी घालायचं ते टोचण्याच्या वेळी.

पुढची गोष्ट सांगायला हवी. स्वस्त आयात मालापुढे देशातलं पेनिसिलिन जी टिकलं नाही. पिंपरीची कंपनी तोट्यात गेली. 2020 मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा तिच्या यादीत पेनिसिलिन जी होतं. म्हणजे जे आपण 1955 मध्ये करत होतो, ते पुन्हा करायला पैसे मोजावे लागले.

स्फटिक कोरड्या कुपीत टिकतो. तो पाडण्याचं कसब मात्र कुपीत भरून ठेवता येत नाही; ते रोज काम करणाऱ्या माणसांबरोबरच राहतं, आणि काम थांबलं की जातं. म्हणून नेहरूनगरच्या बाजूने जाताना या कारखान्याकडे जुनी इमारत म्हणून बघू नका.