शिधा आणि शिल्लक

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला सभागृहाच्या दाराशी एक मोठे खोके मांडलेले असते. गावातल्या फूड पँट्रीसाठी. कार्यक्रम संपेपर्यंत ते भरते, याचे कौतुक आहेच. पण गेली काही वर्षे ते पोचवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ते कशाने भरते हेही मला ठाऊक आहे. कुणी भेट दिलेला क्रॅनबेरी सॉस, मुलांनी नाके मुरडलेले सीरियल, कधी काळी हौसेने आणलेले आर्टिचोक, नारळाच्या दुधाचा एकुलता एक डबा आणि तारीख उलटून दोन वर्षे झालेले सूप. देणाऱ्यांची दानत खोटी नसते. निघायच्या घाईत कपाट उघडले आणि मागच्या रांगेतले हाताला लागले ते उचलले, एवढेच. तरी प्रश्न उरतोच : काय द्यायचे हे ठरवायचे ते कुणाच्या सोयीने? अमेरिकेतल्या फूड बँकांचा जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. आणि गंमत अशी, की त्याचे एक उत्तर आपल्या भाषेत फार पूर्वीपासून आहे.

ते उत्तर म्हणजे शिधा. तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ, मीठ, जमल्यास एखादी भाजी. घेणाऱ्याने चूल पेटवली की त्याचे जेवण व्हावे, एवढे सगळे त्यात असे. शिजवलेले अन्न न देता कोरडा शिधा देण्यामागे सोवळ्याओवळ्याचा आणि जातीचा भाग होता, तो आज कुणी गोंजारू नये. पण त्या पद्धतीत एक शहाणपण होते. नुसते तांदूळ दिले आणि मीठ विसरले, तर तो शिधा पुरा होत नसे. मोजमाप देणाऱ्याच्या कोठारात काय उरले आहे याचे नव्हते, घेणाऱ्याच्या एका जेवणाला काय लागेल याचे होते. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. पुढे सरकारी मराठीने त्याला 'शिधावाटप' म्हटले आणि रेशनकार्डाची 'शिधापत्रिका' झाली. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले, त्यालाही 'आनंदाचा शिधा' हेच नाव सुचले. म्हणजे शब्द अजून जिवंत आहे.

आता अमेरिकेकडे वळू. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे एक निवृत्त व्यावसायिक १९६० च्या दशकात गोरगरिबांसाठी चालणाऱ्या एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. बागांतून वाया जाणारी संत्री-मोसंबी गोळा करून आणावीत आणि अन्नछत्रांना पोचवावीत, असा त्यांचा उद्योग. तिथे त्यांची गाठ एका बाईशी पडली. दहा मुले, नवरा तुरुंगात. दुकानांच्या मागच्या कचरापेट्यांत टाकलेल्या मालातून निवडून ती मुलांना खाऊ घालत होती. पैसे ठेवायला आणि काढायला जशी बँक असते, तशी अन्नासाठीही असावी, असे ती बोलून गेली. सेंट मेरीज चर्चने ३,००० डॉलर आणि एक जुनी बेकरी दिली, आणि १९६७ मध्ये तिथे पहिली फूड बँक उभी राहिली. पहिल्याच वर्षी अडीच-पावणेतीन लाख पौंड अन्न वाटले गेले. फूड बँक ही कल्पना मुळात एका घेणाऱ्या बाईची होती, हे मला या गोष्टीत फार मोलाचे वाटते.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. फूड बँक म्हणजे मोठे गोदाम. तिथून माल गावोगावच्या पँट्रींना जातो, आणि प्रत्यक्ष कुटुंबाच्या हातात पिशवी पडते ती पँट्रीत. आपले खोके जाते ते पँट्रीत.

फिनिक्सची कल्पना पसरली ती मात्र केवळ दयाबुद्धीने नव्हे. १९७६ च्या करसुधारणा कायद्याने कंपन्यांना शिल्लक माल गरजूंसाठी दिल्यास उत्पादनखर्चापेक्षा जास्त करसवलत मिळू लागली. चुकीचे लेबल लागलेली खोकी, चेपलेले डबे, बाजारात न चाललेला नवा पदार्थ, हे सारे फेकण्यापेक्षा देणे परवडू लागले. दानात धर्म होता, तसा हिशेबही होता. व्हॅन हेंगेल यांनी पुढे 'सेकंड हार्वेस्ट' ही देशव्यापी संस्था उभारली, ती २००८ पासून 'फीडिंग अमेरिका' या नावाने ओळखली जाते. सुमारे दोनशे फूड बँका तिच्या छत्राखाली आहेत.

सरकारचे वागणेही याहून निराळे नव्हते. दुधाला हमीभाव देता देता सरकारकडे चीजचे डोंगर साठले आणि ते गुहांमधल्या शीतगृहांत ठेवावे लागले. डिसेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यातले तीन कोटी पौंड गरिबांना वाटायचे ठरवले. पाच-पाच पौंडांचे ते पिवळे ठोकळे त्या पिढीतले अमेरिकन लोक अजून आठवतात. अडचण गोदामाची होती, आणि तिचा निकाल भुकेल्याच्या ताटात लागला.

घेणाऱ्याच्या बाजूने हे कसे दिसते, ते आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना वेगळे सांगायला नको. १९५४ च्या पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या गव्हावर १९६५-६६ च्या टंचाईत देशाने दिवस काढले. मग महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा शाळेत होतो, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. आमच्या रेशनच्या दुकानात मिलो आली. परदेशातून आलेली ही तांबडी ज्वारी. तिची भाकरी तांबूस व्हायची, थापताना चिरायची, गार झाली की वातड लागायची. शाळेत सुकडी मिळायची, ती आम्ही मुले मात्र आवडीने खात असू. अमेरिकेत मिलो जनावरांना घालतात, हे गावात सगळ्यांना माहीत होते, आणि ते वाक्य कुणीतरी रोज म्हणायचेच. त्या धान्याने माणसे जगली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण आजी म्हणायची ते माझ्या कानात राहिले आहे : "पोट भरतंय रे, पण जेवल्यासारखं वाटत नाही."

त्याच दुष्काळात दुसरीही गोष्ट घडली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडण्याच्या, बंधारे बांधण्याच्या कामांवर होती आणि त्यांच्या हातात मजुरी पडत होती. चार पैसे हातात आले की काय शिजवायचे हे माणूस आपले आपण ठरवतो. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा त्यातूनच आला. अमेरिकेतही १९३९ मध्ये रॉचेस्टर शहरात सुरू झालेल्या आणि १९६४ च्या कायद्याने कायम झालेल्या फूड स्टँपचा, म्हणजे आजच्या स्नॅप योजनेचा, अर्थ हाच : दुकानात जा आणि आपल्या घराला लागेल ते घ्या.

फूड बँकांना हे उमगायला थोडा वेळ लागला. २००५ पर्यंत देशव्यापी संस्था आलेला माल रांगेने वाटत असे. ज्याचा नंबर लागेल त्याला, जे आले असेल ते. त्यामुळे बटाट्यांच्या आयडाहो राज्यालाच बटाटे देऊ केले गेल्याचे सांगतात. मग शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांना हाताशी धरून नवी पद्धत आणली. प्रत्येक फूड बँकेला तिच्याकडच्या गरजेप्रमाणे लुटुपुटीचे चलन द्यायचे आणि आलेल्या मालावर बोली लावू द्यायची. तेव्हा खरी पसंती कळली. सीरियल, पास्ता, पीनट बटर यांना चढी बोली लागे. ताज्या भाज्या जवळजवळ फुकट जात, कारण त्या लवकर नासतात आणि इतर वाटांनीही मिळतात. जे टिकते, पोट भरते आणि सगळ्यांच्या घरात चालते, त्याला मोल होते. याच सुमारास अनेक पँट्रींनीही आधीच बांधून ठेवलेल्या पिशव्या बंद करून दुकानासारखी फडताळे मांडली. येणाऱ्याने आपले आपण निवडावे. जे नको ते घरी जात नाही, आणि वायाही जात नाही.

या इतिहासातून आपण काय घ्यायचे? माझ्या मते, शिल्लक देण्याची सवय सोडून शिधा द्यायला लागायचे. पँट्रीला एक फोन करून या महिन्यात काय कमी आहे ते विचारावे. ते न जमल्यास एका जेवणाचा हिशेब धरावा. तांदूळ आणि राजमा, पास्ता आणि त्याचा सॉस, ओटमील आणि दूधपावडर. सोबत तेलाची लहान बाटली, तीही प्लास्टिकची. काच फुटते म्हणून पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. ज्यांना मासे-मांस विकत घेणे रुचत नाही, त्यांनी टूनाच्या डब्याऐवजी पीनट बटर, हरभरे, मसूर द्यावेत. हरभरे मेक्सिकन, अरब आणि आपल्या, तिन्ही स्वयंपाकघरांत चालतात. तूरडाळ मात्र विचारून द्यावी. जिथे आपली वस्ती आहे तिथे ती हातोहात जाईल, इतरत्र फडताळावर पडून राहील. मधुमेह आणि रक्तदाबाची माणसे तिथेही येतात, तेव्हा कमी मिठाच्या भाज्या आणि साखरेच्या पाकाशिवायची फळे निवडावीत. ज्यांना घरच नाही, त्यांच्याकडे डबा फोडण्याचे साधन कुठले? त्यांच्यासाठी कडी ओढून उघडणारे डबे घ्यावेत.

तारखांचा घोळही समजून घेऊ. केंद्राच्या कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त बाळांच्या फॉर्म्युल्यावर, आणि तारीख उलटलेला फॉर्म्युला कधीच देऊ नये. बाकी बहुतेक तारखा चवीपुरत्या असतात. पण स्वयंसेवकाला एकेक डबा हातात घेऊन निवाडा करावा लागतो, म्हणून मुदतीतलाच माल द्यावा. फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर खोल चेपलेला डबा सरळ कचऱ्यात टाकावा. घरचे लाडू-चिवडे कितीही उत्तम असले तरी पँट्री ते घेऊ शकत नाही. चांगल्या भावनेने दिलेल्या अन्नावरून खटला होईल ही भीती मात्र बाळगू नये. १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने त्यापासून संरक्षण दिले आहे.

आणखी दोन गोष्टी. स्नॅपच्या कार्डावर साबण, टूथपेस्ट, डायपर, सॅनिटरी पॅड मिळत नाहीत, म्हणून त्यांची मागणी नेहमीच असते. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सगळ्यांनाच दान आठवते. खरी ओढ उन्हाळ्यात लागते, कारण शाळा बंद झाल्या की मुलांचे शाळेतले जेवणही थांबते. पैसे पाठवलेत तर फूड बँक घाऊक भावाने घेते, तेव्हा आपल्या दहा डॉलरांत आपण दुकानातून आणू त्याहून पुष्कळ जास्त येते.

पिशवी कुणाच्या घरी जाते, याचाही विचार करावा. २००१ आणि २००८-०९ च्या मंदीत आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. एच-१ बी व्हिसावरच्या माणसाला स्नॅप मिळत नाही. चांगल्या पदव्या असलेली दोन घरे पँट्रीच्या दारापर्यंत जाऊन परत आल्याचे मला ठाऊक आहे. लोक काय म्हणतील, हीच भीती. घेणारे कुणी वेगळे असतात ही आपली समजूत जितकी लवकर जाईल, तितके आपले देणेही सुधारेल.

आपल्या न्यू जर्सीची फूड बँक १९७५ मध्ये कॅथलीन डिकियारा या गृहिणीने आपल्या स्टेशन वॅगनच्या मागच्या भागातून सुरू केली. आपल्याला तर गोदामही उभारायचे नाही. मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एवढीच सूचना आहे : सुटे डबे मागण्याऐवजी दर घरामागे एक पिशवी मागावी, तिच्यात चार माणसांचे एक पुरे जेवण असावे, मीठ-तेलासकट. आणि हा उपक्रम दिवाळीबरोबरच जूनमध्येही करावा. खरेदीला मुलांना बरोबर न्यावे. 'शिधा' हा शब्द त्यांना शिकवायला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.