करवती, धातू कापण्याच्या यांत्रिक (घरगुती कर्मशाळेतील)

सळई, नळी किंवा कोनी लोखंड यांचा हव्या त्या लांबीचा तुकडा कापून घेणे ही धातुकामातील बहुधा पहिली क्रिया होय. छंद म्हणून घरी धातुकाम करणाऱ्यांनी ती यंत्राने करण्यासाठी मुख्यतः दोन साधने वापरली : यांत्रिक हॅकसॉ आणि पट्टा करवत. हॅकसॉमध्ये चौकटीत ताणून बसविलेले सरळ पाते पुढेमागे सरकते; पट्टा करवतीत दोन चाकांवरून जाणारे अखंड वलयाकार पाते एकाच दिशेने फिरत राहते. यांपैकी श्रेयस्कर कोणते, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रांच्या रचनेचा वाटतो; परंतु त्याचा निकाल प्रत्यक्षात पात्याने लावला.

पट्टा करवतीची कल्पना दोहोंत जुनी आहे. विल्यम न्यूबेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. पण ती व्यवहारात उतरली नाही. चाकांवरून जाताना पाते प्रत्येक फेऱ्यात वाकते व पुन्हा सरळ होते. तत्कालीन पोलाद व त्याचा सांधा यांना हा ताण सोसत नसे आणि पाते तुटे. क्रेपँ या फ्रेंच महिलेने सांधा जोडण्याची टिकाऊ पद्धती शोधून १८४६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. पुढे पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क घेतले व पट्टा करवत लाकूडकामात रुळली. धातूसाठी तिचा प्रसार होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत लेटन विल्की यांनी १९३० नंतरच्या दशकात धातूचे वक्राकार कर्तन करणारी पट्टा करवत प्रचारात आणली.

तोपर्यंत लहान कर्मशाळांत हॅकसॉचेच वर्चस्व होते. लंडनमध्ये १८९८ साली सुरू झालेल्या मॉडेल एंजिनिअर या नियतकालिकाभोवती ब्रिटनमधील हौशी यंत्रकारांचा मोठा वर्ग जमला. एडगर टी. वेस्टबरी यांनी आराखडा केलेल्या छोट्या हॅकसॉसारखी यंत्रे हे लोक ओतीव भाग आणून घरीच तयार करीत. त्यांना चालविण्यास धुलाई यंत्राचे जुने विद्युत् चलित्रही पुरे. हातकरवतीचे ३०० मिमी. लांबीचे स्वस्त पाते अशा यंत्राला चाले. पाते तुटले, तरी नवे बसविण्यास क्षणभर पुरे. शिवाय काप पूर्ण होताच यंत्र आपोआप बंद होण्याची सोय करता येत असल्याने कारागीर तोवर लेथवर दुसरे काम करू शके. मात्र हॅकसॉ एकाच फेरीत कापतो. परतीची फेरी वाया जाते, पात्याचा मधला भाग अधिक झिजतो व काप सरळच घ्यावा लागतो.

पट्टा करवतीत कर्तन अखंड चालते, झीज लांब पात्यावर वाटली जाते आणि आडवी चौकट उभी करता आल्यास पत्र्यातून वळणदार आकारही कापता येतात. १९६० नंतर द्विधातवी पाती प्रचारात आली. त्यांत हायस्पीड पोलादाचे कठीण दाते लवचीक मिश्र पोलादाच्या पाठीला जोडलेले असल्याने धार व चिवटपणा एकत्र साधले. त्यानंतर तैवानमध्ये तयार झालेल्या, सु. १०० × १५० मिमी. आकारमानाचा माल कापणाऱ्या आडव्या-उभ्या करवती अमेरिका व ब्रिटनमधील हौशी कारागिरांच्या आवाक्यात आल्या. त्यांचे पाते सु. १३ मिमी. रुंद व ०·६ मिमी. जाड असून त्याची गती मिनिटास सु. २५ ते ६० मी. ठेवता येते.

या यंत्रांत मार्गदर्शक रुळ काटेकोर जुळविले नाहीत, तर काप तिरका जातो. दोन्ही साधनांत किमान तीन दाते मालाला टेकतील असे पाते निवडावे लागते. पातळ नळीवर भरड दाते वापरल्यास ते तुटतात. क्वचित व सरळ कापासाठी, तसेच जागेवर सोडून देता येणाऱ्या कामासाठी, हॅकसॉचा उपयोग अद्यापही होतो. विविध व वारंवारच्या कामासाठी पट्टा करवतीस प्राधान्य मिळते. तिच्या कल्पनेला व्यवहारात उतरण्यास लागलेला दीर्घ काळ हा वस्तुतः टिकाऊ पाते व त्याचा भरवशाचा सांधा सिद्ध होण्यास लागलेला काळ होय.