हँगिंग गार्डनच्या कुस्तीपासून गिरणगावापर्यंत

नोव्हेंबर १८९९. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लागली होती. समोर कॅमेरा लावून उभे होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. ते फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवायचे. १८९६च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं वॉटसन हॉटेलात आली, तेव्हापासून त्यांना या नव्या कलेचा ध्यास लागला होता. एकवीस गिनी मोजून त्यांनी थेट लंडनहून कॅमेरा मागवला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून चौदा वर्षं होती. आपल्याकडचा सिनेमा गोष्ट सांगण्याआधी समोर घडतंय ते टिपायला शिकला, आणि हा श्रीगणेशा एका मराठी माणसाने केला, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते.

केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे १९०१च्या डिसेंबरमध्ये मायदेशी परतले. चौपाटीवरचं त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं. गणितात पहिला आलेला तरुण हा त्या काळी बातमीचा विषय होता!

पुढे माहितीपटाच्या या कलेवर सरकारची सावली पडली ती दुसऱ्या महायुद्धात. प्रत्येक खेळाबरोबर सरकारमान्य लघुपट दाखवलाच पाहिजे, असा नियम १९४३मध्ये आला. युद्ध संपल्यावर, १९४६मध्ये, असे लघुपट काढणारं ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ हे सरकारी खातंच गुंडाळलं गेलं. परिणाम असा, की १५ ऑगस्ट १९४७ उजाडला तेव्हा तो टिपायला सरकारचं स्वतःचं चित्रपथक उरलंच नव्हतं. १९४८मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि सक्तीही परत आली. थिएटरमालकांना त्यासाठी वर भाडं भरावं लागे. ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही पाटी पडद्यावर आली की प्रेक्षक खुशाल बाहेर रेंगाळायचे, कारण मुख्य सिनेमा सुरू व्हायला अवकाश असायचा. धरणं, पंचवार्षिक योजना, कुटुंबनियोजन आणि त्यावर तो घनगंभीर आवाज. माहितीपट म्हणजे कंटाळा, हे समीकरण तिथे पक्कं झालं.

या समीकरणाने नुकसान केलं ते त्याच खात्यातल्या उत्तम कामाचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जाँ भावनगरी सल्लागार म्हणून आले आणि तिथल्या दिग्दर्शकांना मोकळा श्वास मिळाला. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये निवेदन काढूनच टाकलं. एम. एफ. हुसेन यांनी राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केली. तिला बर्लिन महोत्सवात लघुपटांचं गोल्डन बेअर मिळालं. प्रमोद पती यांची ‘एक्सप्लोरर’ पाहताना तर विश्वास बसत नाही, की हे सरकारी पैशातून झालं.

या सगळ्यांत एकच निवडायची तर एस. एन. एस. शास्त्री यांची ‘आय ॲम ट्वेंटी’. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या मुलामुलींना १९६७मध्ये, त्यांच्या विसाव्या वर्षी, शास्त्रींनी बोलतं केलं. एकाला वही, कॅमेरा, टेपरेकॉर्डर घेऊन देशभर फिरायचंय, माणसांना भेटायचंय. दुसरा सरळ सांगतो, की देशावर माझं प्रेम नाही, आणि असतं तरी ते कुणाला सांगायचं? सरकारनेच काढलेल्या फिल्ममध्ये हे वाक्य कात्री न लागता राहिलं. ही फिल्म वीसेक मिनिटांची आहे, पण पाहून झाल्यावर त्या मुलांचं पुढे काय झालं असेल, हा विचार पाठ सोडत नाही.

सरकारी चौकटीबाहेरचं मोठं नाव आनंद पटवर्धन. १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात, आणि बेघर झालेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते: गरिबांची चित्रं काढून तुमचं नाव होईल, आमचं काय? पटवर्धनांनी हा प्रश्न फिल्ममध्ये ठेवला, यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दूरदर्शनवर दाखवण्यासाठी मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली.

याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जणांचा जीव गेला. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन कॅमेरा घेऊन बाहेर पडले, आणि चौदा वर्षांनी ‘जय भीम कॉम्रेड’ पुरी झाली. वस्त्यावस्त्यांतले जलसे, शाहिरांचे खडे आवाज, कोर्टाच्या फेऱ्या मारणारी कुटुंबं असं सगळं तिच्यात आहे. आंबेडकरी शाहिरीची इतकी मोठी दृश्य नोंद दुसरी नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक महाविद्यालयात ती दाखवली जावी, इतकी ती मोलाची आहे.

मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीसाठी, गिरणगावासाठी, दोन फिल्म्स. पटवर्धनांचीच ‘ऑक्युपेशन: मिल वर्कर’ (१९९६) बंद पडलेली गिरणी कामगार स्वतः सुरू करतात त्याची. आणि अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांची ‘साचा’ (२००१). तिच्यात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन कामगारांच्या मुंबईबद्दल बोलतात. १९८२च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर दिसतात. सुर्वेही आता नाहीत. पण ‘साचा’मध्ये ते आपल्या कविता स्वतःच्या आवाजात म्हणतात.

फिल्म्स डिव्हिजनचं २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीनीकरण झालं. तिच्या आणि आनंद पटवर्धनांच्या कितीतरी फिल्म्स यूट्यूबवर सापडतात. सुरुवात ‘आय ॲम ट्वेंटी’ने करावी. पण ‘जय भीम कॉम्रेड’ लावण्याआधी ‘हमारा शहर’ जरूर पाहावी, म्हणजे विलास घोगरे आधी गाताना भेटतील.