उज्जैन : भैरवगढचा सोपा पायी फेरा कसा निवडाल?

उज्जैनला गेलेले बहुतेक जण महाकालाचं दर्शन झालं की रिक्षानं कालभैरव गाठतात अन् तसेच माघारी फिरतात. थोडं चालायची तयारी असेल, तर शहराच्या उत्तरेला शिप्रेकाठी असलेला भैरवगढ त्यासाठी सोयीचा. इथं डोंगर नाही, चढही किरकोळ. माणूस दमतो तो उन्हानं. त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेही सकाळीच निघावं.

सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर कालभैरव ते सिद्धवट एवढंच धरा. कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात. महादजी शिंद्यांनी इथं पगडी वाहिल्याची आख्यायिका आहे, तेव्हा मराठी माणूस इथं थोडा रेंगाळणारच. सिद्धवटाच्या घाटावर श्राद्धविधी चालतात. ओल्या पायऱ्यांवर घाई नको. मेण लावून रंगवलेलं ‘भेरूगढ प्रिंट’ कापड याच वस्तीतलं. खरेदी मात्र परतताना करा, नाहीतर ओझं घेऊन चालावं लागेल.

चालायची सवय असलेल्यांनी भर्तृहरी गुहा आणि गढकालिकेपासून सुरुवात करावी. गुहेत जागा अरुंद, हवा कोंडलेली. दम्याचा त्रास असेल त्यांनी बाहेरच थांबलेलं बरं. मांडूच्या सुलतानांच्या काळातला, 1920 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केलेला कालियादेह महाल आणखी उत्तरेला आहे. तिथवर वाहनच बरं, पावसाळ्यात नदी चढली असेल तर जाऊच नये.

वैशाखातली पंचक्रोशी 118 किलोमीटरची, पाच दिवसांची. तिचा विचार करणाऱ्यांनी आधी हा फेरा करून पाहावा.