पिवळ्या पाटीचा धडा

परवा तालुक्याला एका कार्यालयाबाहेर एक आजोबा भेटले. हातात भरलेला अर्ज. "आता सगळं ऑनलाइन झालंय, मोबाइलवरून भरा," असं सांगून त्यांना परत पाठवलेलं. मला एकदम एसटीडी बूथ आठवला.

ऐंशीच्या दशकात घरी फोन लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करा आणि बसा वाट बघत. १९८४मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली. आपल्या धुळीत, उकाड्यात एसीशिवाय चालतील अशी छोटी देशी एक्स्चेंज तिने बनवली. पण घरोघरी फोन देणं तेव्हा परवडणारं नव्हतंच. मग फोन निदान चालत जाता येईल इतका जवळ आणायचा, असं ठरलं.

तो बूथ आठवून बघा. लांबून दिसणारी पिवळी पाटी. काचेची केबिन. समोर पळणारे मीटरचे लाल आकडे, म्हणजे खिशात किती आहेत ते बघून बोलणं आवरायचं. शेवटी छापील बिल, त्यामुळे वादच नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीला नंबर लावून द्यायला माणूस बसलेला. त्याला कमिशन मिळायचं, म्हणून तो रात्री उशिरापर्यंत जागा राहायचा. बूथ देताना दिव्यांगांना प्राधान्य असायचं. रात्री अकरानंतर पाव दर. रिकाम्या लाइनवर खात्याचा धंदा व्हायचा आणि गरिबाचं बोलणं स्वस्तात. बातमीदारीच्या सुरुवातीला मीही अशाच बूथवरून बातम्या फॅक्स केल्यात.

आज 'बिझनेस स्ट्रॅटेजी' आणि 'यूजर एक्स्पीरियन्स' हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवतात. त्या चार बाय चारच्या खोक्यात दोन्ही एकत्र होते. गिऱ्हाइकाची सोय हीच कमाईची वाट होती.

पुढे मोबाइल स्वस्त झाले, बूथ गेले. त्याचं दुःख नाही. ऑनलाइनलाही माझा विरोध नाही. पण सेवा मोबाइलवर नेताना आपण मधला माणूस काढला, दर दाखवणारं मीटरही काढलं. मग आजोबांना अर्ज भरून द्यायचे कुणी किती घेतले, हे कळणार कसं?

प्रत्येक ऑनलाइन सेवेसोबत मदतीला एक माणूस, भिंतीवर ठळक दरपत्रक आणि हातात पावती. एवढं तरी मागूया. हे आपण चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवलंय.