सोनबाचा माठ कुठं होता?

मागल्या रविवारी रात्रपाळी सुटली तरी झोपलो नाही. जुनं पनवेल दाखवणारी एक पायी फेरी बाजारातून निघणार होती, तिच्यात घुसलो. पंधरा-वीस माणसं, गळ्यात कॅमेरे, पुढं माहिती सांगणारे एक गृहस्थ. माझ्या बुटांना मिलचं तेल. फेरी फुकट होती, म्हणून कुणी हटकलं नाही.

दोस्तांनो, गृहस्थ खोटं बोलत नव्हते. त्यांनी सांगितलं ते आपल्यालाही माहीत पाहिजे. पनवेल हे बंदर. भात आणि मीठ इथून गलबतात चढायचं. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईचा माणूस बोटीनं पनवेलला उतरायचा आणि मग घाट चढून पुण्याला जायचा. इथली बैलगाडीची चाकं नावाजलेली, घाटावरचा गाडीवान परतताना जोडी घेऊन जायचा. 1849 साली बेने इस्रायल लोकांनी बेथ एल सिनेगॉग बांधलं. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. 1852 ला नगरपालिका. 1863 साली घाटातनं रेल्वे गेली ती कर्जतवरनं, आणि बंदर मंदावलं.

मिरची गल्लीत सगळे शिंकले, हसले. वाडे झाले, देवळं झाली, शेटजींची नावं झाली. बंदरावर गोणी कुणाच्या पाठीवर होती ते काही आलं नाही. वडाळे तळ्याच्या काठावर मी विचारलं, ‘‘साहेब, सोनबा येलवे कुठं उभा राहायचा?’’

‘‘कोण?’’ त्यांनी हातातला कागद बघितला. ‘‘ते आपल्या फेरीत नाही.’’

आपल्या वस्तीत हे शेंबडं पोर सांगेल. बाबासाहेब मोटारीनं पुण्याला जायचे ते याच गावावरनं. वाशीचा खाडीपूल 1973 चा, त्याआधी मुंबईची मोटार ठाण्याला वळसा घालून पनवेलला यायची. एकदा बाबासाहेबांनी इथल्या हॉटेलात पाणी मागितलं. मिळालं नाही. गरीब सोनबानं ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासनं तो पाण्यानं भरलेला माठ घेऊन रस्त्याकडंला उभा. साहेब परत येतील, तहान लागली असंल. कोणी म्हणतं सात वर्षं. साहेब काही तिथं थांबले नाहीत आणि सोनबा वाट बघतच गेला. ही गोष्ट तोंडातोंडी राहिली, भीमगीतांतनं राहिली.

आता तारखा लावून बघा. बोल्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा खुल्या करा. पण कसल्या? सरकारी नाहीतर सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या. महाडच्या नगरपालिकेनं 1924 ला चवदार तळं खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. महाड आणि पनवेल एकाच कुलाबा जिल्ह्यातले. पण हॉटेलवाल्याचा पेला या ठरावात कुठं बसतो? दुकान त्याचं, पेला त्याचा. तो सरळ नाही म्हणू शकत होता.

म्हणून संविधानाचं कलम 15 उघडा, दुसरा भाग. त्यात आधी दुकानं आणि उपाहारगृहं येतात, मागनं विहिरी, तलाव, घाट, रस्ते. मला पहिल्यांदा वाचताना वाटलं, महाडवाल्या माणसानं तळं आधी लिहायला पाहिजे होतं. मसुदा एकट्याचा नव्हता, क्रम कुणी लावला ते सोडा. पण मसुदा समितीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पनवेलचा पेला ठाऊक होता. 26 जानेवारी 1950 पासनं हॉटेलवाल्याचं ‘नाही’ बेकायदा झालं.

घरी येऊन आजीला विचारलं, माठ नेमका कुठं असायचा गं?

‘‘रस्त्यालाच की. झाडाखाली म्हणायची माझी सासू. झाड गेलं असंल आता.’’

2002 पासनं पुण्याच्या मोटारी द्रुतगती मार्गानं जातात, बाजारात वळतच नाहीत. म्हाताऱ्यांना विचारलं तर प्रत्येकाचं झाड वेगळं. मी तीन जागा वहीत लिहिल्यात. पुढच्या रविवारी सकाळी सातला टपाल नाक्यावर या, आपली फेरी तिथनं काढू. एक म्हातारा चालत येणार आहे, त्याच्यासाठी कुणीतरी छत्री आणा.