हात धुवायचे, पण कुठे?

१८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या पहिल्या प्रसूतिविभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या. त्याच आवारातल्या दुसऱ्या विभागात त्या वर्षी ३,७५४ पैकी १०५ गेल्या. एकीकडे अकरा टक्क्यांहून जास्त, दुसरीकडे तिनाच्याही आत. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणत्या दिवशी कुठे भरती करायची हे ठरलेले असे. पहिल्या विभागाची ख्याती शहरातल्या गरीब बायकांना पक्की ठाऊक होती. त्याचा दिवस निघाला की त्या तिथे न नेण्यासाठी गयावया करत. काही जणी रस्त्यातच बाळंत होऊन मग दाखल होत, आणि ज्या बाळंतज्वराने बायका मरत तो त्यांच्यात कमी आढळे. पुढे इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावून हा आकडा खाली आणला, बड्या मंडळींनी त्याला उडवून लावले, आणि १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला, ही कथा सर्वपरिचित आहे. ती खोटी नाही. पण अज्ञान आणि अहंकार आडवे आले नसते तर डॉक्टरांचे हात तेव्हाच स्वच्छ झाले असते, हा तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष पुराव्यापुढे टिकत नाही. हात धुतले जातात की नाही, हे माहितीपेक्षा कामाच्या मांडणीवर ठरते: माणूस कुठून येतो, पाणी किती लांब आहे, दोन रुग्णांमध्ये वेळ किती मिळतो.

त्याच रुग्णालयाचा आधीचा काळ पाहावा. १८२२ पर्यंत तिथे लुकास बोएर प्रसूतिविभागाचा प्रमुख होता आणि मृत्यूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होते. जंतूंमुळे रोग होतात हे त्या काळी सिद्ध झालेले नव्हते. बोएर फक्त विद्यार्थ्यांना प्रेतांवर प्रसूतिशास्त्र शिकवायला राजी नव्हता, पुतळ्यावर भागवत असे. त्याच्या जागी योहान क्लाइन आला, प्रेतांवरचे शिक्षण सुरू झाले आणि १८२३ मध्ये प्रमाण सात टक्क्यांवर गेले. पुढे कार्ल रोकिटान्स्कीच्या शवविच्छेदनशास्त्राने व्हिएन्नाला वैद्यकाची पंढरी केले, तेव्हा सकाळी प्रेते फाडून तेच हात प्रसूतिकक्षात नेण्याचा क्रम आणखीच घट्ट झाला. सुइणींच्या अभ्यासक्रमात प्रेते नव्हती, म्हणून त्यांचा विभाग वाचला. त्या हातांमागे हलगर्जी नव्हती, त्या काळातले सर्वात पुढारलेले विज्ञान होते, आणि बोएरच्या हाताखाली बायका जगल्या त्या त्याच्या ज्ञानामुळे नव्हे, विभागाच्या रचनेमुळे.

मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का एका शवविच्छेदनात विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागून वारला. त्याच्या शरीरात सापडलेल्या खुणा बाळंतिणींच्या प्रेतांत सापडणाऱ्या खुणांसारख्याच होत्या. त्यावरून सेमेलवाइसने ताडले की प्रेतातले काहीतरी हातांवरून पोचते. साबणाने कितीही धुतले तरी बोटांचा वास जात नव्हता; क्लोरीनच्या पाण्याने तो जाई, म्हणून त्याने क्लोरीन धरले. पुढे खर्च परवडेना म्हणून त्याजागी क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे ब्लीचिंग पावडर आली. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये दोनाच्या आसपास आले, आणि १८४८ मध्ये वर्षभराचे प्रमाण सव्वा टक्क्यावर आले. म्हणजे एवढा उपद्व्याप करून विभाग जेमतेम बोएरच्या काळाइतका सुरक्षित झाला. मधे १८४७च्या ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून, हात नुसते साबणाने धुऊन डॉक्टर पुढच्या खाटांकडे गेले, आणि त्या ओळीतल्या बहुतेक बायका मेल्या. त्यानंतर नियम बदलला: प्रसूतिकक्षात शिरताना एकदा धुऊन भागणार नाही, प्रत्येक रुग्णामागे क्लोरीन. इथे खरी अडचण सुरू होते. दारात एकदा हात धुणे हा शिरस्ता होऊ शकतो. पण एका फेरीत पंधरा-वीस वेळा, कातडी सोलणाऱ्या द्रावणात, नखांना ब्रश लावून? त्यासाठी पहारा लागतो, आणि पहारा माणसासोबत जातो. १८४९ मध्ये सेमेलवाइसची नेमणूक वाढवली गेली नाही. पुढच्या काळात व्हिएन्नातले मृत्यू पुन्हा वाढले.

यावर म्हणता येईल की त्याचे पद गेले ते क्लाइनच्या आकसापोटीच. आकस होता, हे खरे. पण विरोधकांची काही शंकास्थाने रास्तही होती. सेमेलवाइसने स्वतःचा सविस्तर ग्रंथ काढायला १८६१ साल उजाडले, आणि हा ताप नेमका कशाने होतो याचे स्पष्टीकरण त्याच्यापाशी ‘कुजके सेंद्रिय द्रव्य’ या पलीकडे नव्हते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जंतूंचा सिद्धान्त आला असता तर वाद मिटला असता. तो आलाही. १८७९ मध्ये पाश्चरने या तापाचा जंतू, स्ट्रेप्टोकोकस, दाखवला, लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया त्याआधीच सुरू झाली होती. तरी इंग्लंडमधला मातामृत्यूचा दर १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत फारसा हलला नाही. तो पडला तो सल्फा औषधे आल्यावर, म्हणजे हातांनी जे केले ते गोळीने निस्तरल्यावर. एवढ्या वर्षांत डॉक्टरांना माहिती नव्हती, असे कोण म्हणेल?

या प्रश्नाचे मोजून दिलेले उत्तर जिनिव्हातून आले. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिते आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २,८३४ प्रसंग नोंदवले, जिथे हात धुवायला हवे होते. धुतले गेले ४८ टक्के वेळा. परिचारिकांचे प्रमाण ५२ टक्के, डॉक्टरांचे ३०. जिथे रुग्ण सर्वात नाजूक, त्या अतिदक्षता विभागात प्रमाण सर्वात कमी, आणि कामाचा ताण जितका जास्त तितके हात धुणे कमी. या डॉक्टरांना स्ट्रेप्टोकोकस कोणी शिकवायचा होता? १९९७ मध्ये फॉस आणि विडमर या संशोधकांनी सरळ हिशोब मांडला: अतिदक्षता विभागात बारा जणांच्या पाळीने प्रत्येक वेळी बेसिनपाशी जाऊन नियमानुसार हात धुतले, तर एका पाळीत एकूण सोळा तास त्यातच जातील, अल्कोहोलचे द्रावण चोळले तर तीन. म्हणजे नियम पाळला नाही म्हणून ज्यांना दटावले जात होते, त्यांना तो पाळणे घड्याळानेच अशक्य केले होते. जिनिव्हात त्याआधीच अल्कोहोलच्या बाटल्या खाटेला अडकवल्या गेल्या, खिशात दिल्या गेल्या. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्क्यांवर गेले, आणि १९९८ पर्यंत रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले.

या आकड्यांवर घेतलेला आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बाटल्यांबरोबर भित्तिपत्रके होती, वरिष्ठांचा आग्रह होता, वारंवार मोजणी होती, आणि कोणी बघत असले की हात जास्त धुतले जातात हे तर उघडच आहे. संसर्गातली सगळी घट बाटलीच्या खाती मांडता येणार नाही. पण एक बाब लक्षात घ्यावी: साबण-पाण्याने धुण्याचे प्रमाण या काळात फारसे वाढले नाही, वाढ झाली ती मुख्यतः द्रावण चोळण्यात. भित्तिपत्रके आणि आग्रह हात धुण्याच्या दोन्ही रीतींसाठी होते. त्यातली जवळची, झटपट होणारी रीत लोकांनी उचलली.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या द्रावणाचे सूत्रच खुले केले: ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरीन, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ग्लिसरीन कातडीसाठी, सेमेलवाइसच्या विद्यार्थ्यांना ते मिळाले असते तर! जिथे वॉर्डातल्या नळाला पाण्याचाच भरवसा नाही, तिथल्या औषधशाळेतही ते बनवता यावे असा उद्देश होता, आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या डिस्टिलरी असलेल्या साखर कारखान्यांनी मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर काढले तेव्हा असे द्रावण औषधशाळेबाहेरही बनू शकते हे दिसले. मात्र क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. त्याची साथ असलेल्या वॉर्डात साबण-पाण्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि बेसिन खाटेपासून किती पावलांवर बसवले आहे हा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.